मदत हवी आहे : सुएझमध्ये ब्रिटनला नमवलं ते नेमकं कसं?

नमस्कार मंडळी, ब्रिटिश साम्राज्याच्या उतरणीवर कॉलेजच्या मुलांसमोर बोलायचं आहे आणि गाडी १९५६ पाशी अडली आहे.

२६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. कालवा परत ताब्यात घ्यायला ५ नोव्हेंबरला ब्रिटिश-फ्रेंच छत्रीधारी सैनिक कालव्याच्या तोंडाशी पोर्ट सैदला उतरले आणि दुसऱ्याच दिवशी युद्धबंदी! रणांगणात तर ते हरत नव्हते. पण पौंडाचा दर २.८० डॉलरला बांधलेला; तो टिकवायला बँक ऑफ इंग्लंडला डॉलर मोजून पौंड विकत घ्यावे लागत होते. गंगाजळी आटत चालली, आणि सैन्य मागे घेतल्याशिवाय आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून पैसे मिळू द्यायला अमेरिकेचं आयझेनहॉवर सरकार तयार नव्हतं. जानेवारी १९५७ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला.

मला कळत नाही ते हे : बाजारात पौंड विकत कोण होतं? अमेरिका स्वतः, की धास्तावलेले व्यापारी आणि बँका? अर्थशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं, मुलं हा प्रश्न विचारणारच.

शिवाय, साम्राज्याचा खरा शेवट मला जानेवारी १९६८ चा वाटतो. तेव्हाचे पंतप्रधान विल्सन यांनी सिंगापूर-मलेशिया आणि इराणच्या आखातातून १९७१ अखेर सैन्य काढण्याचं जाहीर केलं तेव्हाचा. तुम्हाला पटतं का? नसेल तर कारणासहित खोडून काढा. मराठीत यावर काही वाचण्याजोगं असेल तर तेही जरूर सुचवा.