मदत हवी आहे: आयटीपीमध्ये प्लेटलेट्स इतक्या कमी, तरी थ्रोम्बोपोएटिन का वाढत नाही?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीला जुनाट आयटीपी आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट्स नष्ट करते तो आजार. स्टिरॉइडचा डोस कमी केला की प्लेटलेट्स घसरतात. मागच्या रिपोर्टात २२ हजार, पायांवर बारीक लाल ठिपके. आता डॉक्टरांनी एल्ट्रोम्बोपॅग सुरू केलंय. उपचार त्यांच्याच सल्ल्याने चालतील, घरगुती उपाय कृपया नकोत. मला अडलंय ते वेगळंच.

हे औषध थ्रोम्बोपोएटिन या, प्लेटलेट्स बनवायला लावणाऱ्या संप्रेरकासारखं काम करतं. मग तिच्या शरीरात ते कमी पडत असेल का? तर वाचलं की आयटीपीत त्याची पातळी नॉर्मल किंवा जराशीच वाढलेली असते. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात (अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणंच थंडावतं तो आजार) मात्र ती खूप चढते. प्लेटलेट्स तर दोन्हीकडे कमीच! असं का? आणि टंचाई नसेल, तर वरून तसंच औषध देऊन काय साधतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
यकृत हे संप्रेरक बऱ्यापैकी एकाच गतीने बनवत राहतं. रक्तात किती उरेल ते ठरतं खप किती होतो त्यावर. प्लेटलेट्सवर आणि त्या बनवणाऱ्या अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट पेशींवर एमपीएल नावाचा ग्राही (संप्रेरक पकडणारा रेणू) असतो. संप्रेरक त्याला चिकटलं की पेशी ते गिळून टाकते. अप्लास्टिकमध्ये मेगाकॅरिओसाइट्सच जवळपास संपलेल्या, गिळणार कोण? आयटीपीत त्या भरपूर असतात. प्लेटलेट्सही बनत राहतात, फक्त आठ-दहा दिवस जगायच्या ऐवजी प्लीहेत लवकर मारल्या जातात आणि जाताना संप्रेरक सोबत नेतात. म्हणून पातळी वाढत नाही.

औषधाचा उपयोग असा, की आयटीपीतल्या अँटिबॉडीज मेगाकॅरिओसाइट्सनाही त्रास देतात, त्यामुळे उत्पादन हवं तेवढं वाढत नाही. औषध त्याला जोर देतं. एल्ट्रोम्बोपॅग ग्राहीवर वेगळ्या जागी बसतं, त्यामुळे शरीरातल्या संप्रेरकाशी त्याची मारामारी नाही. रोमिप्लोस्टिम हे याच गटातलं दुसरं औषध मात्र संप्रेरकाच्याच जागेवर बसतं, पण त्याची रचना मुद्दाम वेगळी ठेवलीय. आधीच्या एका औषधाने काहींच्या शरीरात स्वतःच्याच थ्रोम्बोपोएटिनविरुद्ध अँटिबॉडीज तयार झाल्या होत्या, त्यातून आलेली ही सावधगिरी.

धागाकर्ता:
वा, आता उलगडा झाला. मग थ्रोम्बोपोएटिनची तपासणी करून घ्यावी का?

प्रतिसाद २:
नेहमीच्या उपचारात तिची गरज पडत नाही. त्यापेक्षा गोळीच्या वेळा सांभाळा. दूध-दही, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांच्या २ तास आधी किंवा ४ तास नंतर घ्यायची, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. यकृताच्या चाचण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करा. आणि प्लेटलेट्सचा आकडा दीड लाखावर, म्हणजे नॉर्मलवर, गेलाच पाहिजे असं मनात धरू नका, साधारण ५० हजारांच्या वर टिकला आणि रक्तस्राव नाही, तर औषध काम करतंय. मात्र डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका, आकडा एकदम कोसळू शकतो.