नळ आला, आता वाडीच्या विहिरीचे काय करावे?

सड्याखालचा:
आमची वाडी राजापूर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळाच्या, उतारावर आहे. दोन वर्षांपूर्वी जलजीवन मिशनमधून घरोघरी नळ आला. त्याआधी मार्च सरला की बायकांना पहाटे चारला खालच्या विहिरीवर कळश्या रांगेत लावून, तळाशी पाणी साचेपर्यंत बसून राहावे लागे. ते संपले, याबद्दल दुमत नाही. मात्र यंदा विहिरीचा गाळ उपसण्यासाठी घरटी वर्गणीचा विषय निघाला, तेव्हा ‘नळ असताना विहीर कशाला’ म्हणून निम्म्या लोकांनी हात वर केले. त्यांचे बरोबर आहे का?

पऱ्याकाठ:
आपल्या नळाचे पाणी कोठून येते, हे आधी पाहावे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आणि जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे मुरलेले पाणी खालच्या शेडीच्या (चिकट मातीच्या) थरावरून झऱ्यावाटे उताराकडे निघून जाते. दिवाळीला खळखळणारा पऱ्या (ओढा) शिमग्याला कोरडा पडतो, तो यामुळेच. आमच्या योजनेची विहीर अशाच वहाळाकाठी आहे. योजनेचे माप माणशी रोज 55 लिटर. पण मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले की माणसे दुप्पट होतात आणि झरा आटलेला असतो. गेल्या वर्षी त्यातच पंप जळला. आठ दिवस नळ कोरडे होते, तेव्हा सगळी वाडी जुन्या विहिरीकडे धावली, तर तिच्या चिऱ्यांतून उंबर फुटलेला आणि पाण्यावर पाचोळ्याचा जाड थर. वर्गणी काढाच.

चुंबळ:
विहीर राखण्यास माझा विरोध नाही, पण वर ‘वाडी धावली’ असे लिहिले आहे; हंडे घेऊन धावल्या त्या बायकाच असणार. पाच माणसांच्या घराला माणशी 55 लिटरप्रमाणे रोज 275 लिटर पाणी लागते, म्हणजे पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा खेपा. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, अशी पाणंद चढून माझ्या आईची मान कायमची आखडली. नळ आल्यावर माझी वहिनी सकाळी आठच्या पाळीला काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. पूर्वी त्या वेळी तिची तिसरी खेपही झालेली नसे. तेव्हा गाळासाठी वर्गणी घ्या, पण जोडीला पंपाच्या विजेचे बिल आणि दुरुस्ती यांसाठी पाणीपट्टीही वेळेवर भरा. आमच्याकडे ती थकवणारे नेमके तेच, ज्यांच्या खांद्यावर कधी कळशी आली नाही.

जुना जलसुरक्षक:
गाळ काढल्यावर निर्जंतुकीकरण विसरू नये. पाणी गोल विहिरीच्या काठोकाठ नसते, म्हणून मोजणी पाण्याच्या खोलीची करावी: व्यास तीन मीटर आणि पाणी दोन मीटर असेल, तर साठा साधारण चौदा हजार लिटर होतो. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने पस्तीस ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. ती थेट विहिरीत फेकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोरीने पाण्याखाली सोडावी आणि वरखाली हलवावी; त्यानंतर तासभर कोणी पाणी काढू नये. पावडरचे पोते उघडे राहिले तर आपल्या दमट हवेत तिचा जोर उतरतो, आणि मग कितीही टाकली तरी उपयोग होत नाही. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात असे ओलसर पोते मी अनेकदा पाहिले आहे.

सड्याखालचा:
सर्वांचे आभार. ताई, आपला मुद्दा पुढच्या बैठकीत मांडतो. पाणीपट्टी थकलेल्या घरांची यादीही तेथेच वाचतो. काल विहीर पाहून आलो. पाणी दीड पुरुष आहे, पण रहाटाचा एक खांब कुजला आहे. वर्गणीत तोही धरावा लागेल.