नुसता चावटपणा नाही

'द फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन' (२००५) म्हणजे दोन तास नुसता चावटपणा, असं एकाने म्हटलंय; ते मत मला अजिबात पटलं नाही. छातीचे केस उपटण्याचा तो प्रसंगच घ्या. चाळिशीपर्यंत शरीरसंबंध न आलेल्या अँडीची भूमिका करणाऱ्या स्टीव्ह कॅरेलने तिथे खरंखुरं वॅक्सिंग करून घेतलं होतं. रीटेकची सोय नसल्यामुळे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावले होते. त्याचं कळवळणं आणि मित्रांचं खिदळणं दोन्ही खरं आहे, म्हणून तर ते इतकं भिडतं. पटकथाही त्याने दिग्दर्शक जड अ‍ॅपटाऊबरोबर स्वतःच लिहिलीय. अँडीची कुठे कीव केलेली नाही, ते त्यामुळेच असावं. त्याची प्रेयसी ट्रिश (कॅथरीन कीनर) तर घटस्फोटित, नातवंड असलेली बाई. पहिल्या वीस भेटींत शरीरसंबंध नकोत, हे दोघं मिळून ठरवतात. अशा सिनेमात इतकी समजूतदार प्रेमकथा क्वचितच सापडते.

खटकतं ते वेगळंच. व्हिडिओ गेम खेळता खेळता दोघं मित्र एकमेकांना समलिंगी म्हणून चिडवत बसतात, ते आज बघवत नाही. आणि ट्रिश सोडली तर बहुतेक बायका एकतर दारूच्या नशेत, नाहीतर वखवखलेल्या. कॅथरीन कीनरसारखी अभिनेत्री हाताशी असताना बाकीच्यांवर एवढी कमी मेहनत का घ्यावी?