जमिनीला हात न लावता जमिनीची कला?

खडूफळा: जमिनीचीच दगडमाती हलवून कलाकृती घडवणारे हे कलावंत बघा. अमेरिकेच्या रॉबर्ट स्मिथसनने १९७० साली ‘स्पायरल जेटी’ या कामासाठी सहा हजार टनांहून जास्त दगडमाती युटातल्या खाऱ्या तळ्यात ओतली. मायकेल हाइझरने ‘डबल निगेटिव्ह’साठी नेवाडातलं पठार फोडून २,४०,००० टन खडक हलवला. आणि आपण यांना पर्यावरण-कलेचे मूळपुरुष म्हणतो! उद्योगावर, श्रमावर बोलायचंय ना? कॅमेरा घ्या. जमिनीला हात लावू नका.

काळीमाती: हे वाचून गप्प बसवत नाही. हाइझरला पर्यावरणवादी ठरवलं कुणी? उकरणं हाच त्या कामाचा विषय. स्मिथसनचं वेगळं. रोझेल पॉइंटला, म्हणजे ‘स्पायरल जेटी’च्या जागी, तेलाच्या शोधात खणून टाकून दिलेला पसारा आधीच होता, त्याच्या शेजारीच त्याने काम केलं, तेही डंपर आणि लोडर लावून. पुढे वापरून झालेल्या खाणींसाठी त्याने कंपन्यांकडे प्रस्ताव नेले. तुमचा नियम लावला तर मेल चिन या कलावंताचं ‘रिव्हायव्हल फील्ड’सुद्धा बाद होतं. रूफस चेनी या कृषिशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्याने १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या कचराडेपोवर जड धातू शोषणारी झाडं लावली, हा जमिनीवर अत्याचार झाला का?

खडूफळा: चिनने लावणीसाठी चौकोनात वर्तुळ आखलं म्हणून शेतीचा प्रयोग कला होत नाही. शिवाय शिल्पकार रॉबर्ट मॉरिसने १९७९ मध्येच विचारलं होतं, कलावंत खाणींची मलमपट्टी करणार असतील तर खाणवाल्यांना आणखी उकरायला मोकळीकच की! माती किती साफ होते, तो हिशेब मांडा आधी.

काळीमाती: मांडते. एक हेक्टर, वरचे १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २,००० टन माती. किलोमागे १० मिलिग्रॅम कॅडमियम, म्हणजे विषारी जड धातू, धरलं तर एकूण २० किलो. चिनने लावलेल्यांपैकी थ्लास्पी हे बुटकं झाड. सुकं पीक ५ टन आलं तरी डोक्यावरून पाणी, आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम धातू धरला तर एका हंगामात निघतं अर्धा किलो. निम्मं कॅडमियम काढायला २० कापण्या, तेही उतारा घटला नाही तर. शिसं तर ते झाड जवळजवळ उचलतच नाही.

मृद्गंध: हिशेब बरोबर, पण मोजणीतच घोळ होतो त्याचं काय? नमुन्याची माती जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत कालवली की जस्ताचा आकडा फुगलाच. प्लास्टिकची बादली घ्या. दरवेळी त्याच खोलीवरून, दहा-पंधरा ठिकाणची माती काढून एकत्र करा. पानं ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, नाहीतर पानांवरची धूळच झाडाच्या खात्यात जमा होते. मग ६०-७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. गंधक घालून माती आम्ल केली तर झाड जास्त धातू उचलतं, पण तोच धातू पाण्याबरोबर खालीही झिरपतो. आणि कापलेलं पीक शेतातच कुजू दिलं तर सगळं परत मातीत. म्हणून ते जाळावं लागतं, आणि खरा प्रश्न त्या राखेचा आहे: ती कुठे जाते, कोण उचलतं?

पडदा: धागा मातीत रुतला! कॅमेरा निर्दोष, हे कुणी तपासणार की नाही? ब्रिटिश कलावंत स्टीव्ह मॅक्वीनची २००२ ची चित्रफीत ‘वेस्टर्न डीप’ घ्या. दक्षिण आफ्रिकेतली टाउटोना सोन्याची खाण. सुरुवातीला मजुरांचा पाळणा (लिफ्ट) खाली जातो तेव्हा बराच वेळ नुसता अंधार आणि लोखंडाचा खडखडाट. ती दाखवतात त्या कलादालनाच्या दाराच्या फटीतून उजेड आला की पडद्यावरचा काळा राखाडी होतो आणि खाण किती खोल आहे ही जाणीवच संपली. सलग फिरणाऱ्या फितीत माणूस मध्येच शिरतो, त्याला तो उतार दिसतच नाही. खेळाच्या वेळा ठरवा, दाराशी एकाआड एक दोन कापडी पडदे लावा, मध्ये वळण द्या. नाहीतर मजुराचं अंग म्हणजे येता-जाता बघायचं चित्र, दुसरं काय?

खडूफळा: हा दोष मांडणीचा, माध्यमाचा नाही.

पडदा: मग खड्ड्याचा दोष फावड्याचा का? मिअर्ल लेडरमन युकेलिस या कलावंत बाईने १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला. ना खणणं, ना पडद्यावरचं दुःख. त्यांच्या कामाच्या पाळ्यांप्रमाणे ती त्यांना भेटली, हे महत्त्वाचं.

मृद्गंध: तेच म्हणतोय! राख उचलणारा माणूस कुणाच्याच चित्रात नाही.

खडूफळा: ठीक. ‘हात लावू नका’ हे मागे घेतो. मोजमाप आणि माणसं दोन्ही उघड ठेवणार असाल तर खणा. पण त्या २,४०,००० टनांना मी अजूनही माफ करणार नाही.

काळीमाती: करू नका. त्या खडकाचं काय झालं ते तरी जाऊन बघा. दरीत ढकललेला ढीग आजही तिथेच पडलाय, आणि कडा ढासळतायत.