अनुभव धागा : खेळणी जमवण्यामागची कारणं वर्षागणिक कशी बदलत गेली?

खेळणी जमवणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल लोकांचा एकच समज असतो, याचं बालपण सुटलेलं नाही. पण दहा-पंधरा वर्षं हा नाद जपलेल्या कुणाशीही बोला. बालपणाचं कारण केव्हाच मागे पडलेलं असतं. पुढे माणूस वेगळ्याच ओढीने जमवत राहतो. ती ओढ कशाची, हे ऐकायला हा धागा काढतोय. काय जमवता ते तर लिहाच, पण आधी कशासाठी घेत होतात आणि आता कशासाठी घेता, तेही सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी डायकास्ट, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेल्या छोट्या गाड्यांवाला. लहानपणी वाढदिवसाला एखादीच मिळायची, म्हणून नोकरी लागल्यावर मॅटेल कंपनीची हॉट व्हील्स दिसली की घ्यायचो. मग 'ट्रेझर हंट'बद्दल कळलं. नेहमीच्या मालात मिसळून येणाऱ्या या दुर्मीळ गाड्या 1995 साली सुरू झाल्या. पहिल्या वर्षी 12 गाड्या होत्या आणि प्रत्येकीचे 10,000 नग. झालं, हंटिंग सुरू! कुठल्या दुकानात माल कधी लागतो, केस (गाड्यांचं बंद खोकं) कोण उघडतं, सगळं तोंडपाठ. पेगवरची, म्हणजे दुकानातल्या खुंटीवर टांगलेली, एकेक गाडी बाजूला सारत ट्रेझर हंटचं ज्वाळेचं चिन्ह शोधायचं. तेव्हा गाडी कोणती आहे याने फरक पडत नव्हता, ती दुसऱ्याला मिळाली नाही याचा आनंद मोठा होता.

तो ज्वर उतरला तो गाड्या आखणाऱ्यांमुळे. 1969 पासून मॅटेलमध्ये काम केलेले लॅरी वुड, जपानी गाड्यांवर जीव असलेले र्‍यू असादा, अशी नावं कळू लागली. 1:64, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढी गाडी, हे प्रमाण पुष्कळदा नावापुरतंच असतं. सगळ्या गाड्या सारख्याच पाकिटात बसवायच्या, त्यामुळे बस आणि छोटी मोटार जवळजवळ एकाच लांबीच्या होतात. एवढ्या अडचणीत खऱ्या गाडीची ठेवण पकडायची, हे कसब मला दिसायला लागलं. असादांची 1990 ची होंडा सिव्हिक हातात घेऊन बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. 2021 मध्ये ते गेले, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. दुर्मीळ म्हणून घेतलेल्या गाड्या मी अदलाबदलीत देऊन टाकल्या, त्यांच्या सिव्हिक मात्र ठेवल्या.

आता मी फक्त मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या गाड्या ठेवतो. अँबॅसिडरचं उत्पादन 2014 ला थांबलं. सप्टेंबर 2023 मध्ये बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली आणि पुढच्याच महिन्यात काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. पूर्वी मी सेंटी या भारतीय कंपनीची मागे ओढून सोडायची प्लास्टिकची अँबॅसिडर हातातही घेतली नसती. आज ती कपाटात सगळ्यांच्या पुढे आहे. तिच्याकडे बोट दाखवून भाचीला आमच्या शहराची गोष्ट सांगता येते, महागड्या मस्टँगकडे बघून ती सांगता येत नाही.

बोळकं

धागा छान. मी नाशिकची, भातुकली जमवते. आजीची पितळी भातुकली अर्धवट उरली होती, ती पुरी करायची एवढाच सुरुवातीचा हेतू. भांडीबाजारात, जुन्या वाड्यांच्या आवराआवरीत, पुण्यात तुळशीबागेत, जिथे जाईन तिथे यादी हातात : घंगाळ आहे, बंब नाही, जातं आहे, रोवळी नाही. यादी पुरी झाली तेव्हा आनंद झाला, आणि आठवडाभरात उगाच रिकामं रिकामं वाटायला लागलं.

त्यानंतर एका आजींनी त्यांच्याकडची भातुकली मला दिली. देताना एकेक भांडं उचलून त्या सांगत गेल्या : हे ओगराळं, वरण-आमटी वाढायचं, हा कावळा, तेल काढायचा, ही वेळणी, हिच्यात पीठ भिजवायचं. ऐकताना जाणवलं की माझ्याकडे भांडी होती, पण त्यांच्यामागचं स्वयंपाकघर नव्हतं. तेव्हापासून वस्तू विकत घेणं जवळजवळ थांबलं. आता मी आज्यांकडे जाते, त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते. कुणाच्या भातुकलीत पुरणयंत्र होतं, कुणाच्या नव्हतं, कुणाच्या घरी मुलींना खऱ्या चुलीच्या शेजारी छोटी चूल मांडून दिली जायची. कुटुंबाची ऐपत आणि चालीरीती त्या टीचभर भांड्यांत दिसतात. माझा खरा संग्रह आता त्या मुद्रणांचा आहे, असं मी मानते.

आणखी एक. प्रदर्शन मांडते तेव्हा एक संच मुलांना हाताळायला ठेवतेच. पोचे येतात, येऊ देत.

लंडनकर

बोळकं, 'पोचे येऊ देत' हे इथल्या संग्राहकांना सांगून बघायला हवं! मी इंग्लंडमध्ये असतो. इथे जुन्या खेळण्यांचे बाजार भरतात, स्वॉपमीट म्हणतात. नवा आलो तेव्हा ओळख ना पाळख, शनिवार-रविवार खायला उठायचे. तिथल्या टेबलांवर मॅचबॉक्स दिसली आणि मी जात राहिलो. या गाड्या लेस्नी कंपनीने 1953 मध्ये सुरू केल्या. कंपनीतल्या जॅक ओडेल यांनी मुलीला शाळेत नेता यावा म्हणून काडेपेटीत मावेल असा रोडरोलर केला, अशी त्यामागची कथा सांगतात.

पहिली काही वर्षं मी गुंतवणूक म्हणून बघायचो. डबा असेल तर किंमत इतकी, नसेल तर इतकी. पण इथले म्हातारे विक्रेते भावाबद्दल बोलायला नाखूश असतात. एकाने मला दुसऱ्या महायुद्धापूर्वीची डिंकी (इंग्लंडमधली खेळण्यातल्या गाड्यांची जुनी कंपनी) दाखवली. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ झाली की धातू आतून तडकत जातो, तसं त्या गाडीचं झालं होतं. तरी त्याने ती जपली होती, कारण ती त्याच्या थोरल्या भावाची. त्या दिवसापासून मी किमतींची वही लिहीत नाही.

हल्ली माझा शोध एकच : 'निकी टॉइज'. डिंकीचे जुने साचे भारतात गेले आणि कलकत्त्यात या नावाने गाड्या निघू लागल्या. इथले लोक त्यांना ओबडधोबड म्हणतात, रंग जाड आहे म्हणतात. मला त्याच हव्यात. इथला साचा आणि आपल्याकडचा हात, दोन्ही एका गाडीत. परदेशात राहणाऱ्याला अशा गाडीबद्दल काय वाटतं ते वेगळं सांगायला नको.

ठाण्याचा जो

मी जमवतो जी.आय. जो, म्हणजे अमेरिकी सैनिकांच्या बाहुल्या, पावणेचार इंची. फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने आपल्याकडे काढलेले. अमेरिकेतल्यापेक्षा रंग वेगळे असल्याने बाहेरचे संग्राहक आपल्या जोंच्या मागे असतात, हे कळल्यावर काही वर्षं मी विकण्यासाठीच घेत होतो. आता फक्त मोडके घेतो. या बाहुल्यांचं धड आणि पाय आतल्या रबरी रिंगने जोडलेले असतात. ते रबर वाळून तुटतं आणि लोकांना वाटतं खेळणं गेलं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला योग्य मापाची अशी रबरी रिंग (ओ-रिंग) मिळते, अगदी किरकोळ पैशांत. पाठीचा स्क्रू काढा, रिंग बदला, जो उभा. ऊन लागू देऊ नका, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. दुरुस्त झालेले बहुतेक ज्याचे त्याला परत देतो.

पेगवाला

माझं मत वेगळं. माझ्यात काहीही बदललेलं नाही. दुकानात शिरताना जे व्हायचं तेच आजही होतं. अभ्यास, इतिहास, सगळ्याचा आदर आहे, पण मला शोधायला आवडतं आणि घरी येऊन पाकीट फाडून गाडी टेबलावर पळवायला आवडतं. पुनर्विक्रीसाठी अख्खी केस उचलणाऱ्यांनी मात्र लहान मुलांच्या वाट्याचं घेऊ नये, एवढंच कळकळीने सांगतो.

धागाकर्ता

पेगवाला, हेही हवंच होतं. सगळ्यांचा प्रवास 'खोल' जायलाच हवा असं नाही. आणि केस उचलण्याबद्दल शंभर टक्के सहमत.

मावळा

दर दिवाळीला किल्ल्यासाठी घेतलेली चित्रं, म्हणजे छोटे पुतळे, आमच्याकडे पुढे फुटून जायची. मुलं मोठी झाली, किल्ला बंद झाला, पण मी रस्त्यावरच्या दुकानातून दरवर्षी एक मावळा घेतोच. ओळीने मांडले की मातीचे, मग प्लास्टरचे, मग प्लास्टिकचे असा क्रम दिसतो. पूर्वी आठवणीसाठी घ्यायचो, आता ही नोंद कुणीतरी ठेवली पाहिजे म्हणून घेतो.

सावंतवाडीचे अण्णा

मी सत्तरी ओलांडली आहे. चितार आळीतली लाकडी खेळणी, फळं, पाट हे सगळं जमवलं. तरुणपणी गाव सोडून नोकरी केली, तेव्हा खोलीत गावाकडचं काही हवं म्हणून घेत होतो. परत आल्यावर कारागिरांशी बसणं-उठणं वाढलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कसं निवडतात ते पाहिलं, आणि जुनं शोधण्यापेक्षा नवं करवून घेऊ लागलो, म्हणजे त्यांच्या हाताला काम राहील.

आता प्रश्न पुढचा. पुण्याच्या डॉ. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रह उभा केला आणि 1975 मध्ये तो सरकारला दिला. आपला पसारा तेवढा नाही. मुलांनी स्पष्ट सांगितलं, बाबा, आम्हाला सांभाळता येणार नाही. मला राग आला नाही. प्रत्येक वस्तूमागे चिकटवायची चिठ्ठी लिहितो आहे : कुणी केली, कधी घेतली, लाकूड कोणतं. चिठ्ठी झाली की ती वस्तू देऊन टाकतो. काही शाळेला दिल्या, काही त्याच कारागिरांच्या नातवंडांना, ज्यांनी आजोबांचं काम कधी पाहिलंच नव्हतं. इथे कुणाला भोवरे हवे असतील तर कळवा, त्यांच्या चिठ्ठ्या लिहून झाल्या आहेत.