नऊ दिवसांत दहावीची बॅच जमवायची आहे, तुमचं कसं जमलं?

काल रात्री साडेअकराला आमच्या पुण्याच्या दोस्तानं ग्रुपवर टाकलं, 'यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भेटू गड्याहो.' सकाळी पाहतो तर बावीस अंगठे, आणि खाली एक ओळ: 'गावात तू आहेसच, पाहून घे.'

आहे ना मी. वाशीम जिल्ह्यात, २००१ ची बॅच, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. सोयाबीनची सुडी अजून वावरात, थ्रेशरवाला उद्या-उद्या करून राहिला. त्यात हे. हॉल, स्टेज, बॅनर काही नको. वावरात विहिरीजवळ दोन-तीन तास बसायचं, जेवायचं, बस. असं घाईत कोणी जमवलं असेल तर सांगा राजेहो. सल्ला नको, काय झालं ते सांगा.

दर्यापूरकडचा, १९९६ ची बॅच

आमचं पाच दिवसांत ठरलं. शेतात रोडगे अन् वांग्याची भाजी. स्वयंपाकी नाही, आपणच करू, असं ठरवणारे सगळे नागपूर-मुंबईचे! आदल्या रात्री अवकाळी आला. गोवऱ्या उघड्यावर होत्या, त्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी नुसता धूर. डोळ्यांतून पाणी, आणि लोकांना वाटलं जुन्या आठवणींनी रडून राहिले. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या कोठ्यातल्या कोरड्या गोवऱ्या दिल्या, तोवर दोन वाजले. निखारे पडायलाच तासभर जातो हे शहरात राहून लोक विसरले. रोडगे बाहेरून काळे, फोडले तर आत कच्चे. पुन्हा राखेत दाबले. ३२ जणांना १० किलो कणिक मळली, त्यातली दोन किलो बैलांना गेली, कारण एका रोडग्यात तूप ओतून खाल्लं की शहरवाला आडवाच होतो. तरी सांगतो, त्या दोन तासांच्या उशिरात जेवढं बोलणं झालं तेवढं हॉलमध्ये झालं नसतं. गोवऱ्या मात्र आजच सांगून ठेवा, ताडपत्रीखाली.

माहेर अकोट तालुका

दादा, तुमची तारीखच चुकली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सासरी निघतो. भाऊबीजेलाच ठेवा, सकाळी दहाला. ओवाळणी संध्याकाळी असते, दुपार मोकळी राहते.

आमच्या बॅचचा किस्सा सांगते. ग्रुपमध्ये माझा म्हणून जो नंबर होता तो माझ्या भावाचा. त्याला वाटलं काहीतरी फालतू ग्रुप आहे, तो बाहेर पडला. मी त्या दिवशी माहेरीच होते. अंगणात रांगोळी काढत होते, तर समोरून सात-आठ मोटरसायकली गेल्या, आणि शेवटच्या गाडीवर आमच्याच वर्गातला मॉनिटर. संध्याकाळी फोटो पाहिले. २६ जण, त्यात बाई एक, तीही वर्गातल्याच मुलाची बायको म्हणून.

पुढच्या वर्षी त्यांनी शाळेतलं जनरल रजिस्टर पाहून नावं काढली. आमच्या वर्गात १९ मुली होत्या हे बऱ्याच जणांना तेव्हा कळलं! मग मॉनिटरची बायको घरोघरी जाऊन आमच्या आयांशी, वहिन्यांशी बोलली. अकरा जणी आल्या. मुलांना घेऊन आल्या, हे पण धरून चाला. आणि विहिरीजवळ तीन तास बसायचं म्हणता, तर बायांनी जायचं कुठं? ज्याचं घर वावराला लागून असेल त्याच्याकडे ठेवा.

लाखांदूरकडचा

आम्ही काही ठरवतच नाही. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा असते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, लेकी-जावई, पाहुणे सगळे येतातच. रात्री झाडीपट्टीचं नाटक, पहाटेपर्यंत. एकानं फक्त फोन केला, 'नाटकाच्या मंडपात डावीकडं बसू.' चौदा जण जमले. पहिल्या अंकापर्यंत गप्पा, दुसऱ्या अंकात मागच्या लोकांनी 'बाहेर जाऊन बोला ना बे' म्हणून हाकललं. मग चहाच्या टपरीवर उजाडेपर्यंत. खर्च चहाचा आणि तिकिटाचा. धानाची कापणी चालू होती, तरी सकाळी सात वाजता बांधीवर हजर होतो. झोपेत विळा चालवला एवढंच.

निवृत्त शिक्षक, यवतमाळ जिल्हा

मला दुपारी एकला फोन, चारला सत्कार. कोणती बॅच ते जाईपर्यंत माहीत नव्हतं. कपाटात १७ शाली आहेत, त्यात एक वाढली. बोला म्हणाले म्हणून बोललो. चाळीस मिनिटं झाली हे मला नंतर नातवानं सांगितलं. मुलांनो, मास्तरला बोलवायचं तर पंगतीत बोलवा, माईकपुढं नको.

पुलगावजवळचा

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं माणशी ५०० ठरले आणि कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर पडली. त्या रात्री दोघं जण ग्रुप सोडून गेले. एक रोजमजुरीला जातो, दुसऱ्याचा कापूस त्या वर्षी बोंडअळीनं खाल्ला होता. दोघंही माझ्या बाकावर बसायचे. मी घरी गेलो बोलवायला, तर एकाची बायको म्हणाली, बाहेरगावी गेले. चपला दारातच होत्या.

धागा काढणारा, वाशीम

सगळं वाचलं. तारीख बदलली, भाऊबीज, सकाळी दहा. पुण्याच्या दोस्ताला फोन केला की पैसे तुम्ही चौघं मिळून परस्पर किराणावाल्याला द्या, ग्रुपवर चकार शब्द नको. तो म्हणे, 'हे तू आधी का नाही बोलला?' आता काय सांगू!

माझं घर वावरालाच आहे, तिथंच बसू. गोवऱ्या माय आधीच छपरात रचते. शाळेचा शिपाई गावातच असतो, मुख्याध्यापकांना फोन करून रजिस्टरचं विचारलं, उद्या या म्हणाले. आणि बायको आत्ताच निघाली, पहिलं घर गल्लीतल्याच एका वर्गमैत्रिणीच्या आईचं. त्या वर्गमैत्रिणीचा नंबर माझ्याजवळ इतक्या वर्षांत कधी नव्हता.