गोळीबरोबर कागद द्यावा की नाही? कॅपेसिटाबिनवरून चर्चा

निवृत्त शिक्षक, धरमपेठ (मूळ मत): केमोच्या कॅपेसिटाबिन गोळ्यांचे दुष्परिणाम मराठीत छापून रुग्णाच्या हाती द्यावेत, हा आग्रह मला मान्य नाही. ती यादी वाचून माणूस उपचाराआधीच खचतो. डोस किती, एवढे कळले की पुरे.

मुलगी, नंदनवन: सर, आपले मत वाचून मन अस्वस्थ झाले, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या आईला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा नागपूरचा मे महिना होता. चिठ्ठीवर डोस अगदी बरोबर लिहिलेला होता. तळवे लाल होऊन चुरचुरू लागले, तेव्हा ऊन बाधले असे समजून आम्ही तिला पन्हे पाजत राहिलो आणि ती त्याच पायांनी तापलेल्या गच्चीवर कुरडया घालायला जात राहिली. पुढे बोटांची सालपटे निघाली. रेशन दुकानात अंगठा उमटेना. पदराला पुसून पुसून तिने पाच वेळा लावला आणि शेवटी रडू फुटून ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली. हातापायांचा हा त्रास या औषधात नेहमी आढळतो, त्यात बोटांचे ठसेही पुसले जाऊ शकतात आणि दुखण्याने रोजची कामे अडू लागली की गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते, हे आम्हाला तिसऱ्या चक्रानंतर समजले. यात घाबरवण्यासारखे काय होते?

निवृत्त शिक्षक, धरमपेठ: ताई, आपल्या आईंचे वाचून वाईट वाटले, पण माझ्या घरी उलटे घडले आहे. माझ्या धाकट्या भावाने मोबाईलवर अशीच यादी वाचली आणि तिसऱ्या दिवसापासून कोणालाही न सांगता गोळ्या बंद केल्या. पुढे गादी झटकताना सगळ्या पट्ट्या खाली सापडल्या. यादीतला प्रत्येक त्रास प्रत्येकाला होत नसतो, हे घाबरलेल्या माणसाला कागद समजावत नाही.

औषध दुकानदार, मेडिकल चौक: सर, डोस कळला की पुरे म्हणता, पण तो तरी कुठे कळतो? उंची आणि वजनावरून शरीराचे क्षेत्रफळ काढतात. हे औषध एकटेच द्यायचे असेल तर ठरलेला डोस दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असा आहे, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो. त्यामुळे शेजारणीला जितक्या गोळ्या तितक्या आपल्याला, हा हिशेब चालत नाही. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची, साधारणपणे १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी द्यायची आणि चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढायची नाही. छिंदवाड्याहून येणारे एक काकाजी, पट्टीत गोळ्या शिल्लक होत्या म्हणून, सुट्टीच्या आठवड्यातही त्या घेत राहिले. पट्टीवरचा इंग्रजी मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. तो मलाच चष्म्याशिवाय दिसत नाही, ते काय वाचणार?

सून, सक्करदरा: आमच्या सासूबाईंना आजाराचे नावच सांगितलेले नाही. असा कागद घरात आला तर त्या त्याच दिवशी हाय खातील. माणूस जगवायचा असेल तर काही गोष्टी झाकाव्या लागतात.

मुलगी, नंदनवन: वहिनी, स्पष्ट बोलते. तुम्ही त्यांना जपत नाही. त्यांच्या प्रश्नांपासून स्वतःला वाचवत आहात.

सून, सक्करदरा: रात्री दोनला त्यांच्याजवळ बसणारी मी आहे. आमच्या घरात डोकावून निकाल देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

निवृत्त शिक्षक, धरमपेठ: वहिनींचे बरोबर आहे. आमच्या वडिलांनाही शेवटपर्यंत सांगितले नव्हते आणि ते शांतपणे गेले.

रुग्ण, प्रतापनगर: ज्या बाईपासून हे झाकले गेले, ती मी आहे, म्हणून आता माझे ऐकावे. स्तनाच्या कॅन्सरसाठी मला याच गोळ्या दिल्या होत्या, पण घरच्यांनी त्या शक्तीच्या गोळ्या असल्याचे सांगितले. जुलाब सुरू झाले, भिंतीला धरून उठावे लागू लागले, तेव्हा शक्ती यावी म्हणून मी त्या अधिकच नेमाने घेतल्या. नेहमीपेक्षा दिवसात चार वेळा जास्त जावे लागले, किंवा रात्री जुलाब झाले, तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा असतो. माझी तर तिसरी रात्र होती. सलाईन लावताना परिचारिकेने विचारले, "केमोची गोळी शेवटची कधी घेतली?" आणि मला आजार तिथे कळला. वहिनी, तुमची माया खोटी नाही, माझ्या सुनेचीही नव्हती. पण गोळी मी गिळत होते.

सून, सक्करदरा: गोळी कधी थांबवायची, एवढे मी आज त्यांना सांगेन. नावाचे नंतर पाहू.

औषध दुकानदार, मेडिकल चौक: काही जणांच्या शरीरात हे औषध मोडणारे डीपीडी नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते आणि त्यांना नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी याची तपासणी करण्याची शिफारस केली. हे कागदावर नसेल तर डॉक्टरांना विचारायचे तरी कोणी?

निवृत्त शिक्षक, धरमपेठ: लांबलचक यादीला माझा विरोध कायम आहे. मात्र गोळी केव्हा थांबवायची आणि फोन केव्हा करायचा, हे पहिल्या पानावर ठळक छापणार असाल, तर तेवढ्यापुरते मी माझे म्हणणे मागे घेतो. भावाला असा कागद मिळाला असता तर त्याने गोळ्या लपवण्याऐवजी कदाचित मला विचारले असते.

रुग्ण, प्रतापनगर: मग त्याच पानावर छातीत दुखणे आणि १००.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप हेही घाला. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि फॉलिक ॲसिडची गोळी या औषधाचा त्रास वाढवू शकते, म्हणून दोन्हीबद्दल आधीच सांगायला लिहा. अशक्तपणासाठी फॉलिक ॲसिड तर घरोघरी घेतात.